नव्या विद्युद्घटाचें वळण

नवी वस्तु घरांत आली कीं पहिले कांहीं दिवस ती सांभाळून वापरावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. नव्या माठांतलें पहिल्या दिवसाचें पाणी कोणी पीत नाहीं; नव्या वहाणा पायाला सरावेपर्यंत लांबचा पल्ला कोणी गांठीत नाहीं; आणि नव्या बैलाला पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीला जुंपणारा शेतकरी शहाणा समजला जात नाहीं. या सर्वांच्या मुळाशीं अनुभव आहे. अशीच एक रीत विजेच्या घटालाहि, म्हणजे ज्याला आतां सर्वत्र बॅटरी म्हणतात त्या वस्तूलाहि, लागू झालेली आहे. तिच्या मुळाशीं काय आहे हें मात्र फारसें कोणी पाहात नाहीं. सन २००० च्या सुमारास भ्रमणध्वनीचा पहिला संच विकत घेणाऱ्या गृहस्थाला दुकानदार बजावून सांगे कीं, पहिल्या खेपेस पुरते आठ तास चार्ज करा, त्याआधीं संच चालू करूं नका. आज लग्नसमारंभाचीं किंवा गडकोटांचीं आकाशांतून छायाचित्रें घेण्यासाठीं ज्या तरुणाच्या घरीं ड्रोन येतो, त्याला त्याचे जाणते मित्र तसेंच कांहीं सांगतात : नवी बॅटरी पहिल्या आठदहा उड्डाणांत फार पळवूं नकोस, अर्धीच रिकामी कर, सावकाश भर, म्हणजे तिला वळण लागेल.

वळण लागण्याची ही कल्पना खरी कीं खोटी? या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. कारण एके काळीं ती अक्षरशः खरी होती. बॅटरीला वळण लावणें म्हणजेच बॅटरी घडविणें, असा तो काळ होता. पुढें ती घडण वापरणाऱ्याच्या हातून निघून कारखान्यांत गेली. पण उपदेश मात्र मागेंच राहिला. तो कसा राहिला, आणि आज त्याच्याऐवजीं खरी काळजी कशाची घ्यावयास पाहिजे, हें या घटांच्या इतिहासांतूनच नीट उमगतें.

इ. स. १८०० मध्यें इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें निरनिराळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून अखंड वाहणारा विद्युत्प्रवाह जगाला दिला. परंतु त्याचा घट एकदां संपला कीं संपला. चुलींतलें लाकूड जळून राख झालें कीं त्याचें पुन्हां लाकूड होत नाहीं, तशीच त्या घटांतील जस्ताची अवस्था. जर्मनींत रिटर यानें १८०३ सालीं असें दाखविलें कीं, तांब्याच्या चकत्यांच्या ओल्या राशींतून बाहेरचा प्रवाह कांहीं वेळ सोडून मग तो तोडला, तर ती रास स्वतःच थोडा वेळ उलट दिशेनें प्रवाह देते. उधार घेतलेलें परत मिळावें, तसाच हा प्रकार. परंतु परत मिळे तें अगदींच थोडें. त्यामुळें हा एक चमत्कार म्हणून नमूद झाला आणि मागें पडला.

त्या चमत्काराचें उपयोगी यंत्र केलें तें गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थानें. १८३४ सालीं दक्षिण फ्रान्समधील ऑर्तेझ गांवीं जन्मलेला हा मनुष्य विविध विषयांचा नादी होता. १८५५ सालीं पॅरिसजवळ मदों येथें त्याला एका प्रचंड, नामशेष झालेल्या पक्ष्याचीं हाडें सांपडलीं, आणि त्या पक्ष्याला शास्त्रज्ञांनीं त्याच्याच नांवावरून 'गास्तॉर्निस' असें नांव दिलें. पक्ष्याचीं हाडें शोधणाऱ्या या माणसाच्या घटाचे वंशज पुढें खरोखरच आकाशांत उडणार होते, हें त्याला कोठून ठाऊक असणार!

प्लांतेनें निरनिराळ्या धातूंचे पत्रे आम्लांत बुडवून कोणता धातु उलट प्रवाह अधिक जोराचा व अधिक काळ देतो, याची चिकाटीनें तुलना केली. सोन्यारुप्याची पंगत बाजूला राहिली आणि बाजी मारली ती गरीब शिशानें. १८५९ सालीं त्यानें शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मध्यें पट्ट्या घातल्या, दोहोंची चटईसारखी गुंडाळी केली आणि ती पाण्यानें पातळ केलेल्या गंधकाम्लांत काचेच्या भांड्यांत उभी केली. पुढच्याच वर्षीं त्यानें आपला घट फ्रेंच विज्ञान परिषदेपुढें मांडला. मोटारींतील शिशाच्या बॅटरीचा हाच मूळ पुरुष.

आतां खरी मौज पुढें आहे. शिशाचे हे पत्रे आम्लांत ठेवून एकदांच प्रवाह सोडला, तर बॅटरी जवळजवळ होतच नाहीं. एका पत्र्याच्या पृष्ठभागावर तपकिरी रंगाचें शिशाचें पेरॉक्साइड धरतें, दुसऱ्यावर सच्छिद्र, स्पंजासारखें शिसें तयार होतें. परंतु हा थर कागदाहून पातळ. तितक्या थरांत वीज कितीशी मावणार? क्षणांत घट रिकामा. प्लांतेच्या ध्यानांत आलें कीं, घट पुन्हां भरला, पुन्हां रिकामा केला, कधीं प्रवाहाची दिशा उलटी केली, तर दर खेपेस आम्लाची क्रिया धातूंत थोडी अधिक खोल उतरते आणि घटाची धारणाशक्ति वाढत जाते. इतकेंच नव्हे, तर दोन भरण्यांच्या मध्यें घटाला विश्रांति द्यावी लागे. आणि ही विश्रांति प्रथम कांहीं तासांची, मग कांहीं दिवसांची, मग आठवड्यांची, अशी वाढवीत न्यावी लागे. त्यानें या सर्व क्रियेला 'घडण' या अर्थाचाच फ्रेंच शब्द योजिला, आणि तो शब्द आजतागायत बॅटरीच्या कारखान्यांत टिकून आहे.

एक घट असा सिद्ध व्हावयास महिनेच्या महिने लागत. शिवाय त्या वेळीं वीज निर्माण करणारें सोयीचें यंत्र नव्हतें. एक प्रकारचे घट खर्चून दुसऱ्या प्रकारचे घट भरावयाचे, म्हणजे घरचें तूप जाळून दिवा लावण्यापैकींच प्रकार. तरीहि प्लांतेनें हा खटाटोप वीस वर्षें चालविला. असे ८०० घट एकत्र जोडून त्यानें प्रयोगशाळेंत विजेच्या लोळासारखे स्फुल्लिंग काढले, आणि १८७९ सालीं आपले सर्व प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. 'नव्या बॅटरीला वळण लावावें लागतें' हें वाक्य कोणी खऱ्या अधिकारानें उच्चारिलें असेल, तर तें या माणसानें. त्याच्या घटांत वळण लावण्यापूर्वीं वळण लावण्याजोगें कांहीं नव्हतेंच. होते ते नुसते शिशाचे पत्रे.

हा कालापव्यय दुसऱ्या एका फ्रेंच माणसाला सहन झाला नाहीं. कामिय फोर यानें १८८१ सालीं एक साधी युक्ति काढली. पत्रा आंतून कुरतडून थर तयार होण्याची वाट कशाला पाहावयाची? थर बाहेरूनच लावावा! त्यानें शिशाच्या पत्र्यांना शेंदराचा लेप दिला. मारुतीच्या मूर्तीला जो चढतो तोच हा शेंदूर. तोहि शिशाचेंच एक ऑक्साइड. पहिल्याच भरणींत एका पत्र्यावरील शेंदराचें पेरॉक्साइड आणि दुसऱ्यावरील शेंदराचें सच्छिद्र शिसें बनलें. महिन्यांचें काम तासांवर व दिवसांवर आलें. त्याच वर्षीं भरलेल्या फोरच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोस विल्यम टॉमसन या थोर पदार्थवैज्ञानिकाकडे पाठविण्यांत आली. पुढें लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झालेला तो हाच. सुमारें दहा लक्ष फूट-पौंड कार्य करण्याची शक्ति पेटींत कोंडून, ती रेल्वेनें आणि जहाजानें परदेशीं सुखरूप पोहोंचली, याचें त्या काळीं केवढें कौतुक झालें!

येथून 'घडण' हळूहळू कारखान्याकडे सरकूं लागली. पण पुरती सरकली नाहीं. विसाव्या शतकांतहि पुष्कळ बॅटऱ्या कारखान्यांतून कोरड्याच येत. त्यांत गंधकाम्ल ओतून पहिली भरणी मंद प्रवाहानें, पुष्कळ तास चालवून करण्याचें काम गॅरेजवाल्याकडे असे, आणि ती घाईनें उरकली तर बॅटरी आयुष्यभर लंगडत चाले. वीज न पोहोंचलेल्या गांवीं रेडिओचे संच घटांवरच चालत; ज्यांच्याकडे शिशाचे घट होते ते भरून आणण्यासाठीं शहराची वाट धरीत. पहिली भरणी संथपणें करावी, हा उपदेश या पिढीनें तेथें ऐकला आणि तो योग्यच होता.

मग निकेलचें युग आलें. स्वीडनमधील युंगनर यानें १८९९ सालीं निकेल व कॅडमियम यांचा घट काढला, आणि अमेरिकेंत एडिसन निकेल व लोखंड यांच्या मागें लागला. एडिसनच्या पहिल्या बॅटऱ्या गळूं लागल्या, तेव्हां त्यानें विक्री थांबविली, अनेक वर्षें पुन्हां प्रयोग केले आणि १९०९ च्या सुमारास सुधारलेला घट बाजारांत आणला. १९४७ सालीं निकेल-कॅडमियमचा घट पूर्ण बंद डब्यांत बसविण्याची युक्ति सिद्ध झाली आणि तो घरोघर शिरला. या घटांचीं दोन वैशिष्ट्यें आपल्या विषयाला फार महत्त्वाचीं आहेत. एक म्हणजे, दहा तासांत भरावा अशा मंद प्रवाहानें तो चौदा ते सोळा तास भरावा लागे. कारण भरतांना बरीचशी वीज वायां जाई. दुकानदारांच्या आठ तासांच्या मंत्राची वंशावळ येथवर पोहोंचते. दुसरें म्हणजे त्याची तथाकथित 'स्मृति'. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या उपग्रहांत हे घट दर प्रदक्षिणेला ठराविकच अंशानें रिकामे होत आणि पुन्हां भरत. कालांतरानें असें आढळलें कीं, त्या ठराविक मर्यादेपलीकडे काम मागितलें असतां ते कुरकुर करूं लागत. रोज दुपारीं बारालाच घरीं सोडलेला कारकून एखाद्या दिवशीं पांचपर्यंत बसवला तर जसा तोंड वांकडें करतो, तसाच हा प्रकार! म्हणून 'बॅटरी अधूनमधून पुरती रिकामी करावी' हा दुसरा उपदेश निघाला. तोहि आपल्या जागीं खरा होता.

पण आकाशांत उडणाऱ्याला हे दोन्ही घट फार जड होते. विजेवर उडण्याची हौस मात्र जुनी. १८८४ च्या ९ ऑगस्ट रोजीं, प्लांतेला पक्ष्याचीं हाडें सांपडलीं त्याच मदोंच्या परिसरांतून, रनार व क्रेब्स या दोन फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्यांनीं 'ला फ्रान्स' नांवाची विजेवर चालणारी हवाई नौका उडविली आणि ८ किलोमीटरांची फेरी २३ मिनिटांत पुरी करून ती निघाल्या जागीं परत आणली. तिच्यांतील घटांचें वजन ४०० किलोग्रॅमांहून अधिक होतें, आणि ते एकदां वापरून संपणारे होते. १९५७ च्या ३० जून रोजीं इंग्लंडमध्यें कर्नल टॅपलिन यानें रेडिओनें नियंत्रित केलेलें विजेचें लहानसें नमुना-विमान उडविलें तें चांदी व जस्ताच्या घटांवर. १९७३ सालीं ऑस्ट्रियांत निकेल-कॅडमियमच्या घटांवर माणूस बसलेलें विमान उडालें. पण थोडींच मिनिटें. अडचण वजनाची. शिशाच्या एक किलोग्रॅम बॅटरींत साधारण ३० ते ४० वॉट-तास वीज मावते, निकेल-कॅडमियमच्या बॅटरींत त्याहून थोडी अधिक. आज ड्रोनच्या पोटाशीं बसणाऱ्या लिथियमच्या बॅटरींत ती १५० ते २५० पर्यंत मावते. चार पंखांचें यंत्र एका जागीं पक्ष्यासारखें तरंगत राहावयाचें, तर ही भर घातल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

लिथियम हा धातूंमध्यें सर्वांत हलका. पाण्याहून जवळजवळ निम्म्या वजनाचा. १९७० नंतरच्या दशकांत व्हिटिंगहॅम यानें त्याचा पुन्हां भरतां येणारा घट बनविला. १९८० सालीं ऑक्सफर्डमध्यें गुडइनफ यानें धनाग्रासाठीं लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड शोधलें. १९८५ सालीं जपानमध्यें योशिनो यानें ऋणाग्रावर शुद्ध लिथियमऐवजीं कार्बन योजिला. आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें हा घट बाजारांत आणला. या तिघां शास्त्रज्ञांना १९ वर्षांपूर्वीं नव्हे, तर २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्या वेळीं गुडइनफचें वय ९७ होतें. योशिनोनें शुद्ध लिथियम कां टाकलें, याचें उत्तर १९८९ सालीं जगाला फार कडू रीतीनें मिळालें. कॅनडांतील मोली कंपनीच्या शुद्ध लिथियम वापरणाऱ्या घटांना आग लागल्याचें आढळल्यामुळें ते बाजारांतून परत घ्यावे लागले. शुद्ध लिथियमवर भरतेवेळीं सुयांसारखे अंकुर फुटतात, ते वाढत वाढत पलीकडच्या अग्राला टेकतात, आणि मग घटाच्या आंतल्या आंतच ठिणगी पडते.

कार्बन म्हणजे ग्रॅफाइट वापरल्यानें हा धोका पुष्कळ कमी झाला; परंतु त्याबरोबर पहिल्या भरणीचा प्रश्न नव्या रूपानें परत आला. घटांतील द्राव हा सेंद्रिय असतो, आणि पहिल्यांदा घट भरतांना तो ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर विघटित होऊं लागतो. विघटन असेंच चालू राहिलें असतें, तर घट कांहीं दिवसांतच नासला असता. परंतु त्यांतून ग्रॅफाइटवर एक पापुद्रा धरतो, केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनहि पातळ. आणि हा पापुद्राच पुढील विघटनाला अटकाव करतो. लिथियमच्या कणांना तो वाट देतो, इलेक्ट्रॉनांना देत नाहीं. बिडाच्या नव्या तव्यावर तेल लावून, तापवून जो काळा चकचकीत थर चढवितात आणि ज्यामुळें पुढें आंबोळी चिकटत नाहीं, त्याच्याशींच याचें साम्य आहे. इस्रायलचा शास्त्रज्ञ पेलेड यानें १९७९ सालीं या पापुद्र्याचें स्वरूप सांगून त्याला नांव दिलें. त्याची किंमतहि मोजावी लागते : घटांतील दहांश भागापर्यंतचें लिथियम त्यांत कायमचें अडकून पडतें.

हा संस्कार आतां वापरणाऱ्याच्या हातून मुळींच होत नाहीं. ड्रोनची बॅटरी बहुधा मऊ, अॅल्युमिनियमच्या पत्र्यानें मढविलेल्या पिशवींत असते. कारखान्यांत या पिशवीला एका बाजूला मुद्दाम रिकामा खिसा ठेवितात. पहिली भरणी अतिशय मंद प्रवाहानें चालते. पापुद्रा धरतांना जो वायु सुटतो तो त्या खिशांत गोळा होतो. मग निर्वातांत खिसा भोसकून वायु काढतात, खिसा कापून टाकतात आणि पिशवी कायमची बंद करितात. त्यानंतर घट कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे, नुसते ठेवून देतात. ज्याचा दाब आपोआप उतरतो तो आंतून खोटा, म्हणून बाजूला काढतात. प्लांतेच्या विश्रांतीचा हा आजचा अवतार म्हणावा. म्हणजे ग्राहकाच्या हातीं बॅटरी येते ती हा सगळा विधि आटोपूनच. त्यानंतर तिला वळण लावूं म्हणणें हें लग्न लागून गेल्यावर मंगलाष्टकें म्हणण्यासारखें आहे. मौज अशी कीं, कारखान्यांतल्याहि 'मंद भरणी' या सिद्धान्ताला २०२४ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं धक्का दिला. पहिली भरणी मोठ्या प्रवाहानें केली असतां ती सुमारें दहा तासांऐवजीं वीस मिनिटांत होते, आणि लिथियम अधिक खर्च होऊनहि घटाचें आयुष्य सरासरीनें निम्म्यानें वाढतें, असें त्यांना आढळलें. तेव्हां पहिल्या भरणींत सावकाशपणाच नेहमीं हितकर, हा विश्वासहि अढळ नाहीं.

मग पहिलीं कांहीं उड्डाणें हळुवारपणें करावीं, हा मित्रांचा सल्ला व्यर्थच काय? तसें म्हणतां येणार नाहीं. त्याचा हेतु तेवढा बदलला पाहिजे. ड्रोनच्या बॅटरींत तीन-चार घट एकापुढें एक जोडलेले असतात. त्यांपैकीं एक जरी दुबळा निघाला तरी उड्डाणांत तोच प्रथम कोसळतो, आणि त्याच्याबरोबर यंत्रहि. सुरवातीच्या उड्डाणांत बेताचें काम घेऊन, प्रत्येक घटाचा दाब लिहून ठेवला, तर असा दुबळा घट चार-सहा फेऱ्यांतच ओळखूं येतो, आणि तोहि यंत्र डोक्यावर नसून समोर असतांना. बॅटरीवर पहिल्या वापराची तारीख लिहावी हेंहि त्यांतलेंच. वळण लावण्यापेक्षां ओळख करून घेणें, असा या रिवाजाचा अर्थ घेतला तर तो अजून उपयोगी आहे.

खरी काळजी मात्र पहिल्या आठवड्याची नसून रोजची आहे. ड्रोनच्या सामान्य लिथियम घटाचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट असतो. ३ व्होल्टांखालीं तो कधींच जाऊं देऊं नये. पुरता रिकामा केला तर ऋणाग्राचा तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो आणि पुढें भरतांना त्या तांब्यानें आंतल्या आंत जोड होण्याची भीति असते. म्हणजे निकेलच्या घटाला जो पथ्याचा उपदेश होता, तोच येथें विषासारखा ठरतो! उलट, पुरता भरून कपाटांत ठेवला तर द्रावाचें विघटन चालूच राहतें, पापुद्रा जाड होतो, वायु सुटतो आणि पिशवी फुगते. आठवडाभर वापर नसेल तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टांच्या जवळपास, म्हणजे सुमारें निम्मा भरलेला ठेवावा. कांहीं हुषार बॅटऱ्या चार-सहा दिवसांनीं स्वतःच्या स्वतः थोडी वीज उधळून या पातळीवर येतात. बाकीच्यांची आठवण मालकानेंच ठेवली पाहिजे. भरतांना धारणाशक्तीइतकाच प्रवाह द्यावा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ५ अँपिअर, आणि सर्व घट समतोल भरणारा चार्जरच वापरावा. बॅटरी शून्य अंशाखालीं असतां ती मुळींच भरूं नये, कारण तेव्हां लिथियम ग्रॅफाइटमध्यें न शिरतां त्याच्यावर धातुरूपानें साचतें. हें काश्मीर-लडाखच्या प्रवाशांसाठीं झालें. महाराष्ट्रांतला शत्रु याच्या उलटा आहे. वैशाखांत उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत बॅटरी ठेवणें म्हणजे तिचें आयुष्य उघड्या डोळ्यांनीं जाळणें. उड्डाणानंतर ती हाताला गरम लागत असतां लगेच चार्जरला लावणें हाहि तसाच अपराध.

या शेवटच्या गोष्टीला आज विशेष महत्त्व आलें आहे. २०२० च्या एप्रिलांत सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत सर्व्हे ऑफ इंडियाचे ड्रोन गांवोगांवच्या गांवठाणांचे नकाशे काढूं लागले. महाराष्ट्र त्यांत आरंभापासून होता. २०२३ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें महिलांच्या १५,००० बचत गटांना शेतीवर फवारणी करणारे ड्रोन देण्याचें ठरविलें. फवारणीचा जड ड्रोन एका बॅटरीवर साधारण दहा-पंधरा मिनिटेंच टिकतो. म्हणजे बांधावर चार-सहा बॅटऱ्या आळीपाळीनें भरत राहावयाच्या, वर ऊन, आणि मालकाची घाई. उतरलेली गरम बॅटरी सांवलींत निवूं द्यावी, हें सांगणारा कोणी तेथें असलाच पाहिजे. शहरांत घाईचें रूप वेगळें : रात्रीं बॅटरी भरावयास लावून निजणें. ही संवय अगदीं सोडावी. ती भरणें जागेपणीं, गादी-पडद्यांपासून दूर, शहाबादी फरशीसारख्या न जळणाऱ्या जागेवर व्हावें. फुगलेली बॅटरी टोंचूं नये, दाबूं नये, आणि पुन्हां भरूं तर मुळींच नये. धूर दिसलाच तर तो विषारी समजून प्रथम माणसें बाहेर काढावीं आणि अग्निशामक दलास बोलवावें.

ही भीति पुस्तकी नाहीं. २०१० च्या ३ सप्टेंबर रोजीं दुबईजवळ एका मालवाहू बोइंग ७४७ विमानांत आग लागून दोघेहि वैमानिक मृत्यु पावले. त्या मालांत लिथियमच्या बॅटऱ्या होत्या, आणि आग तेथेंच लागल्याचा निष्कर्ष चौकशींत निघाला. २०१३ च्या जानेवारींत बोइंग ७८७ विमानांच्या स्वतःच्याच बॅटऱ्या जळाल्यामुळें त्या जातीचीं सर्व विमानें कांहीं महिने जमिनीवर बसून राहिलीं. अखेर १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमानें सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी झाली, आणि मालवाहू विमानांतून त्या शेंकडा ३० हून अधिक भरलेल्या नसाव्या, असें ठरलें. प्रवाशानें आपली जादा बॅटरी हातांतील सामानांतच ठेवावी, १०० वॉट-तासांपर्यंत परवानगीवांचून आणि १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीनें न्यावी, असाहि दंडक आहे.

नवी बॅटरी घरीं येते तेव्हां ती अर्धी-मुर्धी कां असते, याचें एक कारण या नियमांत आहे. कांहीं हुषार बॅटऱ्या तर प्रवासांत चक्क झोपवून पाठविलेल्या असतात. चार्जरला लावल्याशिवाय त्या जाग्याच होत नाहींत. 'पहिली भरणी' या शब्दाला आजच्या ग्राहकापुरता इतकाच अर्थ उरला आहे. ती आठ तासांची असण्याचें कारण नाहीं. चार्जर थांबला कीं ती झाली.

आणि दोन-तीनशें फेऱ्यांनंतर, कधीं त्याआधींच, प्रत्येक बॅटरीची शेवटची भरणीहि येते. शिशाच्या जुन्या बॅटरीला मोडींत भाव मिळतो, म्हणून ती आपोआप दुकानीं परत जाते. लिथियमची लहान बॅटरी मात्र टेबलाच्या खणांत किंवा कचऱ्याच्या डब्यांत जाते, आणि कचऱ्याच्या गाडींत चिरडली गेली तर तेथें पेट घेते. २०२२ च्या ऑगस्टपासून भारतांत लागू झालेल्या नियमांनीं वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातु परत मिळविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ग्राहकानें ती इतर कचऱ्यांत न मिसळतां वेगळी द्यावी असें सांगितलें आहे. तिचीं टोकें चिकटपट्टीनें झांकून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे पोहोंचती करावी.